फिरोझाबाद: भट्टीपासून मनगटापर्यंत

रविवार

झेलम एक्स्प्रेस आग्र्याला थांबते तेव्हा डब्यातली निम्मी मंडळी ताजमहालाच्या गप्पा करत उतरतात. आम्हाला जायचं होतं आणखी पूर्वेला, चाळीसेक किलोमीटरवरच्या फिरोझाबादला. कासाराच्या दुकानात, जत्रेत, लग्नघरात आपण ज्या काचेच्या बांगड्या भरतो, त्यातल्या बहुतेक या एका शहरात तयार होतात. इतकी वर्षं हातात घालतोय ती वस्तू बनते कशी आणि बनवतं कोण, हे एकदा डोळ्यांनी पाहायचं असं माझ्या मनात फार दिवस होतं. सोबतीला मोठ्या नणंदबाई होत्या. ताईंनी उभा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. काच म्हटल्यावर त्यांची पिशवी माझ्याआधी भरून तयार होती.

काचेशी आमचं नातं गावापासूनचं. आम्ही तळेगाव दाभाड्याच्या. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याच्यामागे आपलं बळ लावलं आणि त्या पैशातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघाला. कारखान्याची तांत्रिक बाजू सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय पुढे उत्तर प्रदेशात गेले आणि बहजोईला त्यांनी काचेचा मोठा कारखाना काढला. तळेगावात शिकून तयार झालेले कारागीर देशभरातल्या कारखान्यांत गेले. त्यामुळे उत्तर प्रदेशातल्या काचेच्या गावाला निघताना आम्हाला परक्या मुलखात चाललोय असं वाटत नव्हतं.

आग्र्याहून बस. एत्मादपूर, टुंडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं आणि मध्येमध्ये मोठमोठी शीतगृहं. फेब्रुवारी संपत आला होता, काढणी जोरात होती, पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे बस रखडत होती.

शहरात शिरल्यावर पहिली गाठ पडली ती हातगाड्यांशी. इथे त्यांना ठेला म्हणतात. ठेल्यावर बांगड्यांचे तोडे रचलेले. तोडा म्हणजे साधारण तीनशे बांगड्या सुतळीत ओवून बांधलेली जुडी. एकावर एक, एकावर एक, माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत. वर कापड नाही, बाजूला फळी नाही, फक्त दोरी. लाल, हिरव्या, जांभळ्या काचेचा तो डोंगर खड्ड्याखड्ड्यांतून चालला होता आणि ठेलेवाला एका हाताने दांडा, दुसऱ्याने डोंगर सांभाळत होता. खड्डा आला की तो अंग आडवं घालून गाडी अलगद उतरवायचा. पंधरा मिनिटांत असे कितीतरी ठेले गेले. त्या सगळ्यांचा मिळून एक बारीक किणकिणाट रस्त्यावर सतत चालू असतो. खोलीची खिडकी लावली तरी तो आत येत होता.

सोमवार

भट्टी पाहायची तर ओळख लागते. पुण्याच्या रविवार पेठेतल्या आमच्या माहितीच्या बांगडीवाल्यांनी इथल्या एका व्यापाऱ्याला फोन करून ठेवला होता. व्यापाऱ्याने भल्या सकाळी माणूस पाठवला. बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, आणि जिलेबी खाऊन आम्ही निघालो. जाताना त्याने एकच सूचना केली: ओढणी-पदर घट्ट खोचून घ्या आणि कुणी पळत आलं तर भिंतीला टेका.

आत गेल्यावर सूचनेचा अर्थ कळला. मधोमध गोलाकार भट्टी. तिच्या पोटात अग्निमातीचे मोठाले पॉट, प्रत्येकाचं तोंड बाहेर उघडणारं. वाळू, सोडा अ‍ॅश, चुनखडी आणि फुटक्या काचेचा भंगार असं मिश्रण त्यात तेराशे अंशांच्या वर तापून वितळत असतं. चांगली वाळू प्रयागराजजवळच्या शंकरगढ भागातून येते. भंगार का घालतात ते ताईंनी मला समजावलं: "एकदा वितळलेली काच पुन्हा वितळायला कमी उष्णता लागते. जळण वाचतं गं." शेजारी उभ्या असलेल्या उस्तादांनी मराठी न कळताही मान हलवली.

उस्ताद साठीचे असावेत. डोक्याला ओला पंचा, पायात रबरी चपला, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. हातमोजे नाहीत. त्यांनी लांब लोखंडी सळई पॉटात घातली, दोनदा फिरवली आणि बाहेर काढली तेव्हा टोकाला नारिंगी उजेडाचा गोळा होता. तो त्यांनी लोखंडी पाट्यावर फिरवून घोटला. दुसऱ्या माणसाने वेगळ्या पॉटातून हिरवी काच आणून त्याच्यावर ओतली. बऱ्याच बांगड्यांत आतली काच साधी असते आणि वर रंगीत काचेचा पातळ थर, कारण महाग असतो तो रंग. गोळा पुन्हा भट्टीत, पुन्हा पाट्यावर. आणि मग एक पोरगेला जवान ती सळई घेऊन चक्क पळत सुटला. आम्ही भिंतीला टेकलो.

तो पळत गेला ते बेलनाकडे. ही निराळी, लहान भट्टी. तिच्यात एक आडवा लोखंडी दांडा एकसारख्या गतीने फिरत असतो, तो बेलन. बेलनाशी बसलेल्या कारागिराने गोळ्याला आकडा लावून काच ओढली. गुळाच्या पाकाची तार धरावी तशी ती निघाली, न तुटता, एकसारख्या जाडीची. तारेचं टोक बेलनावर टेकलं आणि वेढ्याला वेढा लागून बसत गेला. अर्ध्या मिनिटात बेलनावर काचेची लांबलचक स्प्रिंग तयार. तार जाड झाली तर बांगडी जड, बारीक झाली तर हातात भरतानाच तडकणार. जाडी मोजायला कसलंही यंत्र नाही. गोळा किती तापलाय हे रंगावरून, आणि तार किती ओढायची हे बोटांना येणाऱ्या ताणावरून.

बेलनाच्या जाडीवर बांगडीचं माप ठरतं. कासाराकडे आपण दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ म्हणतो ते इंच आणि इंचाचे सोळावे भाग: दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. प्रत्येक मापाचा बेलन वेगळा.

थंड झालेली स्प्रिंग दुसरा माणूस मांडीवर घेतो आणि कापायच्या हत्याराने तिच्यावर लांबीच्या दिशेने एक रेघ मारतो. खट्ट आवाज होतो आणि स्प्रिंगच्या सुट्या बांगड्या होऊन त्याच्या हातात पडतात. प्रत्येक बांगडी एका जागी फाकलेली. शिवाय स्प्रिंगचा वेढा तिरका असल्यामुळे फाकलेली दोन टोकं एका पातळीत नसतात, एक वर राहतं, एक खाली. ती सपाट करायची आणि मग जोडायची. एवढंसं वाटतं. पण निम्मं फिरोझाबाद याच कामावर जगतं आणि ते काम कारखान्यात होत नाही. ते पाहायला दुसऱ्या दिवशी जायचं होतं.

रंगांच्या खोलीत ताईंना कुणी हलवू शकलं नाही. हिरव्यासाठी क्रोमियम आणि तांब्याची संयुगं, निळ्यासाठी कोबाल्ट, जांभळ्यासाठी मँगनीज. लाल सगळ्यात नाजूक, त्याला सेलेनियम आणि कॅडमियम लागतं. गंमत अशी की लाल काचेचा पॉटातून काढून निवलेला तुकडा पिवळट दिसतो. पुन्हा आच दिली की लाली उमटते. आच जास्त झाली तर रंग काळवंडतो. हे सारं सांभाळणारा माणूस शाळेत आठवीपर्यंत शिकलेला होता आणि त्याच्या वजनकाट्यावर ग्रॅमाचा हिशेब होता. ताई त्याला "सरजी" म्हणायला लागल्या. मनापासून म्हणत होत्या.

दुपारी उस्तादांबरोबर चहा झाला. या मुलखात काच जुनी आहे. गंगा-यमुनेच्या दुआबात जमिनीवर पांढरा खार फुटतो, त्याला रेह म्हणतात. ती खारी माती भाजून शीशगर मंडळी ओबडधोबड, गढूळ काच करत आणि तिच्या बांगड्या घडवत. एकोणिसाव्या शतकात बोहेमियाच्या, ऑस्ट्रियाच्या चकचकीत बांगड्यांची जहाजं आली आणि देशी बांगडी मागे पडली. स्वदेशीच्या चळवळीने वारं फिरलं, पहिल्या महायुद्धात परदेशी माल थांबला आणि फिरोझाबादने ती जागा घेतली. रुस्तम उस्तादांचं नाव इथे फार आदराने घेतात. आजच्या घडणीची बांगडी या शहरात त्यांनी रुळवली असं कारागीर मानतात. मला ही कथा ऐकताना तळेगाव आठवत होतं. त्याच काळात, त्याच जिद्दीने, आपल्याकडे पैसा पैसा गोळा होत होता.

भट्टीखाली आता कोळसा नाही, गॅस आहे. त्याला कारण ताजमहाल. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला आणि ताजभोवतीच्या १०,४०० चौरस किलोमीटर पट्ट्यात कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळावं लागलं. फिरोझाबाद त्या पट्ट्यात येतं. संगमरवर वाचवायचा तर हे हवंच होतं आणि भट्टीवर काम करणाऱ्यांच्या छातीतला धूरही त्याने कमी झाला. मात्र काचेची भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. निवली की पॉट तडकतात. रात्रंदिवस, बारा महिने ती तापलेली ठेवावी लागते. म्हणून गॅसचा दर वाढला की पहिला घाव इथे बसतो. उस्ताद म्हणाले, "गैस महँगी होती है तो मालिक भट्टी ठंडी कर देता है. फिर हम भी ठंडे." आणि चहाचा पेला ठेवून ते पुन्हा पॉटाकडे गेले.

मंगळवार

आजचा दिवस गल्ल्यांचा. या प्रवासात मला जे सांगायचं आहे ते खरं म्हणजे इथलंच आहे.

कारखान्यातून निघालेले तोडे ठेल्यांवरून वस्त्यांत जातात. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने तिरकं व्हावं अशा गल्ल्या. प्रत्येक दारासमोर तोडे उतरवलेले. एका घरात सधाई म्हणजे टोकं सपाट करणं, दुसऱ्यात जुडाई म्हणजे ती जोडणं, तिसऱ्यात छँटाई म्हणजे निवड. बांगडी या घरातून त्या घरात हिंडते आणि प्रत्येक घरी तिच्यावर एकच काम होतं.

व्यापाऱ्याच्या माणसाची बहीणच जुडाई करते. तिच्या घरी आम्हाला बसायला मिळालं. दहा बाय दहाची खोली, एक खाट, भिंतीत कोनाडा, दाराजवळ बुटकं टेबल. टेबलावर बारीक ज्योतीचा बर्नर. खोलीत पंखा होता पण बंद. ज्योत हलली तर जोड बिघडतो, म्हणून कामाच्या वेळी पंखा लावायचा नाही. फेब्रुवारीत आम्हाला घाम फुटला होता. जूनमध्ये या खोलीत काय होत असेल?

आधी शेजारणीने सधाई दाखवली. फाकलेली बांगडी ज्योतीवर धरायची, टोकाजवळची काच मऊ झाली की सपाट पत्र्यावर हलकेच दाबायची, वरखाली असलेली टोकं समोरासमोर आणायची. मग ती बांगडी जुडाईवालीकडे. तिने उजव्या हातात बांगडी घेतली, फट ज्योतीत धरली, काच लालसर होताच दोन्ही बाजूंनी किंचित दाब दिला. टोकं एकमेकांत विरघळली. मनगटाला एक झटका, बांगडी बाजूच्या ढिगात, आणि तोवर डाव्या हाताने पुढची उचललेली. मी नजर रोखून पाहत होते तरी जोडण्याचा नेमका क्षण दर वेळी निसटत होता. तिने एक निवलेली बांगडी माझ्या हातात दिली. जोड कुठे आहे ते बोट फिरवल्यावर कळलं, डोळ्यांना नाही. आपल्या हातातली कुठलीही साधी बांगडी काढून सावकाश बोट फिरवा. एक अगदी बारीक उंचवटा लागेल. तिथे कुणीतरी ज्योतीपुढे वाकून बसलं होतं.

तिच्या अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी घट्ट, चकचकीत झालेली. भाजण्याच्या जुन्या खुणा मनगटापर्यंत. डोळ्यांतून पाणी येतं, संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असं ती सांगत होती. मजुरी तोड्यावर. तिने जो आकडा सांगितला तो पुण्यात एक डझन साध्या बांगड्यांना आपण मोजतो त्याहून कमी होता. म्हणजे तीनशे जोडांचे पैसे बारा बांगड्यांच्या किमतीला पुरत नाहीत. फुटलेल्या बांगड्या हिशेबातून वजा होतात त्या वेगळ्याच. ताईंनी तो आकडा दोनदा विचारला. ऐकण्यात काही चुकलं नव्हतं.

ही कारागिरी आहे आणि मोठी आहे. ज्योतीची आच, काचेचा मऊपणा, दाबाची वेळ, हे तिघंही एकाच पळात जुळावे लागतात. काचेच्या कलेबद्दल आपण बोलतो तेव्हा इटलीतल्या मुरानो बेटाची, झुंबरांची, रंगीत फुलदाण्यांची नावं निघतात. तिथल्या कारागिराचं नाव वस्तूवर कोरलं जातं. इथे एका बांगडीवर कितीतरी जणांचे हात फिरतात आणि त्यातल्या एकाचंही नाव दुकानापर्यंत पोहोचत नाही. मला हे चुकीचं वाटतं. मजुरीच्या दरात ही कारागिरी कुठेच मोजली जात नाही, हे त्याहून चुकीचं वाटतं.

शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दारात बसून तोडे मोजत होती. शाळा सुटल्यावर तेवढंच, असं तिची आई घाईने म्हणाली. १९८६ च्या बालकामगार कायद्याखाली काच आणि बांगडीचं काम धोक्याचं म्हणून मुलांना बंद झालं. कारखान्यात आम्हाला मूल दिसलं नाही. पण काम घरात आलं की कायदा उंबऱ्याशी अडतो. आईला दोष द्यायची माझी मुळीच इच्छा नाही. तोड्याला दोन पैसे जास्त मिळाले तर ती मुलगी त्या वेळी अभ्यास करेल, इतकं ते सरळ आहे.

शेवटच्या घरात एक वयस्क बाई जुडाई करत होत्या. समोर लग्नाच्या हंगामाचा लाल माल, त्यांची मनगटं मोकळी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली असं त्यांनीच सांगितलं. दिवसभरात त्यांच्या हातून इतक्या बांगड्या जातात, पण एकही त्या घालत नाहीत. "हमारे यहाँ नहीं पहनते," एवढंच. आमच्याकडेही हेच होतं आणि अजून पुष्कळ ठिकाणी आहे. मी त्यांना कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडबद्दल सांगितलं. २०२२ साली तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. पाठोपाठ महाराष्ट्र सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. बाईंनी बर्नर बारीक केला. "गाँव ने ख़ुद कहा?" हो, गावाने. "मर्दों ने भी?" हो. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, गावाचं नाव काय म्हणालात. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा घोळवून म्हटलं आणि ज्योत मोठी केली.

बुधवार

सकाळी फुंकून केलेल्या काचेचा कारखाना. फिरोझाबाद म्हणजे नुसत्या बांगड्या नव्हेत. झुंबरं, दिव्यांच्या हंड्या, बरण्या, पेले, देवघरातल्या समया झाकायच्या चिमण्या, सगळं इथे होतं. फुंकणीच्या टोकावर काचेचा गोळा घेऊन कारागीर आधी हवेत एक फुंकर घालतो, बुडबुडा धरला की लोखंडी साच्यात उतरवून जोराने फुंकतो. गाल फुगत नाहीत, जोर पोटातून येतो. साचा उघडला की तापलेली, अर्धपारदर्शक हंडी बाहेर. तिला लगेच बाहेर ठेवून चालत नाही. हळूहळू थंड करणाऱ्या लांब भट्टीतून ती पलीकडे निघते, नाहीतर आतल्या ताणाने दोन दिवसांनी आपोआप तडकते. ताईंनी ही गोष्ट वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवली होती. भट्टीच्या पलीकडच्या तोंडाशी उभं राहून त्या एकेक हंडी निघताना बघत राहिल्या.

मालकांनी सांगितलं की जुन्या वाड्यांतल्या, देवळांतल्या परदेशी झुंबरांचा एखादा हात किंवा लोलक तुटला की तुकडा त्यांच्याकडे पाठवतात आणि ते जोडीचा करून देतात. कोपऱ्यात असाच एक तुटका हात कागदात गुंडाळून ठेवला होता, शेजारी नवा. दोन्ही उजेडात धरून पाहिले. जुन्यात किंचित करडी झाक होती आणि ती नव्यात आणण्यासाठी काचेचा तिसरा घाणा काढणं चालू होतं. अशा कामाला किती वेळ लागतो ते त्यांनी सांगितलं नाही. होईपर्यंत, म्हणाले.

दुपारी छदामीलाल जैन मंदिरात गेलो. पंचेचाळीस फुटांची बाहुबलींची उभी मूर्ती आहे, अंगण मोठं आणि शांत. संध्याकाळी रिक्षाने यमुनाकाठच्या चंदवारला. ११९४ साली कनौजच्या जयचंदाचा आणि महंमद घोरीचा सामना इथे झाला. अकबराच्या काळात फिरोझाबाद हे नाव येण्याआधी या परिसराची ओळख चंदवार अशीच होती. आता टेकाडं, विटांचे अवशेष आणि नदी. पाहण्यासारखं थोडं, तरी दोन दिवसांच्या धगीनंतर नदीवरचा वारा बरा वाटला.

गुरुवार

जोडलेल्या बांगडीचं पुढे काय होतं ते राहिलं होतं. सकाळी आधी तेच. चाकावर पाणी सोडत बांगडीला पैलू पाडणारे कटाईवाले, ब्रशाने सोनेरी पाण्याची नक्षी काढणाऱ्या मुली, आणि ती नक्षी पक्की करणारी पकाई भट्टी. सोनेरी पाणी लावताना तपकिरी, मेणचट दिसतं. पत्र्यांवर मांडलेल्या बांगड्या पकाई भट्टीच्या एका बाजूने सरकवतात आणि दुसऱ्या बाजूने त्या झळझळीत होऊन निघतात. पकाईची आच मोजकी लागते. कमी पडली तर सोनं हाताला लागतं, जास्त झाली तर बांगडी वाकते. त्या दाराशी उभा असलेला माणूस गप्प होता आणि त्याला बोलतं करायचा आम्ही प्रयत्नही केला नाही. त्याचं लक्ष दुसरीकडे जाऊन चालण्यासारखं नव्हतं.

मग बोहरान गली. बांगड्यांची घाऊक पेठ. दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत खोके, मधून माणूस कसाबसा जाईल. प्रांताप्रांताची आवड इथे खोक्यांत विभागलेली असते. राजस्थानचा माल वेगळा, बिहारचा वेगळा, दक्षिणेचा वेगळा. "महाराष्ट्र?" म्हणताच दुकानदाराने मागे न बघता हात घातला आणि हिरव्या रंगाची सात-आठ खोकी समोर ठेवली. पोपटी, गर्द, बाटलीसारखा, सोनेरी ठिपक्यांचा, बिनठिपक्यांचा. चैत्रगौरीला कोणता हिरवा जातो, लग्नाच्या चुड्याला कोणता, डोहाळजेवणाला कोणता, हे त्याला माझ्याइतकं ठाऊक होतं. कोल्हापूरकडून गर्द हिरव्याची मागणी जास्त, मुंबईला बारीक बांगडी जास्त खपते, असं तो म्हणाला. तो महाराष्ट्रात कधी आलेला नाही. आमचे रंग त्याला ऑर्डरच्या चिठ्ठ्यांतून पाठ आहेत.

आपल्याकडची काकणांची हौस आजकालची नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं तेव्हा काचेच्या बांगड्यांचे ढिगाने तुकडे निघाले. मी ते सांगितल्यावर दुकानदाराने गल्ल्यावरच्या वडिलांना हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. वडील म्हणाले, "तो फिर आप पुराने ग्राहक हैं," आणि हिशेबातले सुट्टे पैसे सोडून दिले.

गर्द हिरव्या बांगड्यांचे दोन तोडे घेतले. खोक्यात भाताचा पेंढा घालून, वर वर्तमानपत्र, वर पुन्हा पेंढा. बांधणाऱ्या मुलाने खोकं हलवून कानाशी धरलं. आतून आवाज आला तर पुन्हा उघडायचं, नाही आला तर पॅकिंग बरोबर. नाही आला.

रात्री टुंडल्याहून गाडी. प्लॅटफॉर्मवर खोकं मधे ठेवून आम्ही दोघी बसलो. ताईंनी वही काढून भट्टीची आकृती रेखाटली, पॉट, बेलन, पकाई, सगळं बाणांनी जोडलं. मग बाजूला घरांची रांग काढली, सधाई, जुडाई, छँटाई, आणि तिथे बाण पुन्हा पुन्हा वळवले. त्यांच्या जुन्या शाळेत दहावीच्या वर्गाला हे शिकवायला त्यांनी मुख्याध्यापकांकडे एक तास मागितला आहे. मुख्याध्यापकांनी दोन दिले.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. पुढे उन्हाची आणि भट्टीची धग मिळून सोसवत नाही. आग्र्याहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण मग फक्त बाजार होतो. एक रात्र तरी राहा. कारखान्यात शिरण्यासाठी आपल्या गावच्या कासाराला किंवा घाऊक बांगडीवाल्याला विचारा; त्यांच्या ओळखीने दारं उघडतात. अंगात सुती कपडे आणि पायात बंद चपला हव्यात. गल्ल्यांत गेलात तर बर्नरपुढे बसलेल्या बाईशी बोलायला तिचा तोडा पुरा होईपर्यंत थांबा. मधेच हाक मारली आणि तिची नजर हलली, तर फुटलेली बांगडी तिच्या मजुरीतून जाते.